चित्रातील इसमाचे नाव

"आश्रुबा," माय म्हणाली, आणि सूर्यभानला वाटलं, दुकानात आणखी कुणी बाई शिरली आहे. तो मागं वळला. मागं बन्सीधर पेंटरच्या दुकानाचं अर्धं उघडं शटर होतं, शटरला टेकवून सुकायला ठेवलेली 'पुढे शाळा आहे, वाहने हळू हाका' ही पाटी होती आणि पलीकडं परभणीचा स्टेशन रोड रविवारच्या दुपारी रिकामा पडला होता. बाई कुठंच नव्हती. त्यानं पुन्हा मायकडं पाहिलं. ती बन्सीधरनं फळीवर काढलेल्या चित्रासमोर उभी होती. तिचे ओठ नुकतेच मिटत होते. त्या ओठांतून त्याच्या मेलेल्या बापाचं नाव बाहेर पडलं होतं. चौतीस वर्षांत हे नाव त्यानं चुलत्याकडून ऐकलं होतं, मास्तरांच्या हजेरीत ऐकलं होतं, सहीत तर रोज लिहिलं होतं. पण मायच्या आवाजात ते कसं लागतं हे त्याला ठाऊक नव्हतं. ते बारीक लागलं. शेजारच्या पोराला पीठ आणायला हाक मारावी, तसं. सूर्यभान बाजूच्या स्टुलावर बसला. स्टुलाला सकाळीच हिरवा रंग दिलेला होता.

"झालं!" बन्सीधरनं हातातला कुंचला कानावर खोचला आणि खुंटीला अडकवलेला कराराचा कागद काढून आणला. "मावशीनं नाव घेतलं. साहेब, कलम चार. काम पूर्ण." कलम चार सूर्यभाननंच लिहिलं होतं, आणि लिहून झाल्यावर त्याला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला होता. 'चित्र पाहून श्रीमती कुसुमबाई, वय अंदाजे त्रेपन्न, यांनी कोणीही न सुचवता, न खुणावता, चित्रातील इसमाचे नाव उच्चारले म्हणजे काम पूर्ण झाले असे समजावे.' त्या वेळी बन्सीधर म्हणाला होता, "एवढं कशाला साहेब? 'चित्र छान काढावे' लिहून टाका की." "छान म्हणजे काय?" सूर्यभाननं विचारलं होतं. बन्सीधरनं बराच विचार केला होता आणि शेवटी "ते बी खरंच हाय" म्हणून सही ठोकली होती. आता तो कागद नाकासमोर फडफडत होता, आणि सूर्यभानला त्यातली एकच गोष्ट दिसत होती. जी बाई जन्मात नवऱ्याचं नाव घेत नाही, तिनं नवऱ्याचं नाव घ्यावं, असं त्यानं स्टॅम्पपेपरवर, दोन प्रतींत, स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. आणि हे त्याला आत्ता, ते नाव कानावर पडल्यावर कळत होतं.

असं कसं झालं? दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर तो हसला असता. ज्या कचेरीत तो कारकून होता तिथं करारनामे त्याच्याकडं येत ते असल्या चुका पकडण्यासाठीच. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यानं एका खेड्यातल्या शाळेचं दार पाहिलं होतं. करारात 'दक्षिणेस सागवानी दार बसवणे' होतं. कंत्राटदारानं दक्षिणेला सागवानी दार बसवलं होतं, कडी होती, कोयंडा होता, वर 'सुस्वागतम्' होतं. दार उघडलं की मागं भिंत होती. पोरं पूर्वीसारखी खिडकीतून आत जात होती. साहेबांनी करार तीनदा वाचला आणि म्हणाले, "दार आहे. दारातून जाणं कुठं लिहिलंय?" पुढं पाचशे रोपांचं झालं. रोपं लावली होती, मोजली होती, बरोबर पाचशे भरली होती. फक्त मुळं कुणालाच नव्हती, सगळ्या बाभळीच्या तोडलेल्या फांद्या होत्या. त्यातली एक चुकून फुटली, तर कंत्राटदारानं हे जादा काम धरावं म्हणून अर्ज केला. तेव्हापासून सूर्यभाननं नियम केला: काय करायचं ते लिहायचं नाही, झाल्यावर काय दिसलं पाहिजे ते लिहायचं. 'दार बसवणे' नाही. 'चौथीच्या मुलास दप्तरासह, न वाकता वर्गात जाता आले पाहिजे.' सबंध कचेरीत त्याचं नाव झालं. हळूहळू ही खोड घरातही शिरली. बायको, मनकर्णा, म्हणाली की येताना भाजी आणा, तर तो विचारायचा, भाजी शिजल्यावर कोण कोण खूश झालं पाहिजे? "तुमच्याशी लगीन लावताना बी आसंच एक कलम लिहून घ्यायला पायजे होतं," ती म्हणायची, "नवरा घरी आल्यावर माणसासारखा बोलला पाहिजे."

आणि हे चित्र तर सगळ्यांत नेमकं व्हायला हवं होतं, कारण बापाचा फोटो नव्हता. एकही नाही. झरी या त्यांच्या गावात त्या काळी फोटो काढायचं कुणाला सुचत नव्हतं, आणि आश्रुबा अठ्ठाविसाव्या वर्षी चार दिवसांच्या तापात गेला तेव्हा सूर्यभान तीन वर्षांचा होता. नव्या घराच्या भिंतीवर तथागत होते, बाबासाहेब होते, खाली तिसऱ्या फोटोसाठी मारलेला खिळा होता. तो खिळा दाढी करताना आरशात दिसायचा. गाल पुसता पुसता सूर्यभानला वाटायचं, ही हनुवटी कुणाची? मागच्या उन्हाळ्यात चुलता गेला. चुलत्याला उचललं त्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की बापाचं तोंड पाहिलेलं माणूस आता या जगात एकच उरलंय. मायच्या दोन डोळ्यांत ते तोंड आहे, आणि ती आहे तोवरच आहे. तिच्यामागं ते कुठंच नसणार. त्याला धाप लागली होती. लोकांना वाटलं, चुलत्याच्या दुःखानं.

मग त्यानं मायला विचारायला सुरुवात केली होती. कागद-पेन घेऊन, रोज जेवल्यावर. "बाचं नाक कसं होतं?" "नाक व्हतं की." "अगं, पण कसं?" "आता नाकासारखं नाक." "डोळे?" "दोन व्हते." "रंगानं?" "आपल्यात कोन गोरं हाय?" त्यानं हे सगळं 'वर्णन' म्हणून कराराला जोडलं होतं. बन्सीधरनं ते वाचलं, डोकं खाजवलं आणि पहिलं तोंड काढलं. ते विडीच्या बंडलावरच्या माणसाचं होतं. "हात तिकडंच जायलाय साहेब, वीस वर्षं तेच काढलं." सूर्यभाननं मायला आणून उभं केलं. तिनं बघितलं, पदर नीट केला आणि म्हणाली, "ऊन लय झालं, चल." नाव घेतलं नाही, म्हणजे ओळखलं नाही. बन्सीधरनं टर्पेंटाइनचा बोळा फिरवून ते पुसलं. दुसरं, तिसरं, चौथं. दर खेपेला माय यायची, बघायची, गप्प राहायची, आणि सूर्यभान तिच्या ओठांकडं बघत कलम चार पाठ म्हणायचा.

हिरव्या स्टुलावर बसल्या बसल्या त्यानं मागची चारही तोंडं पुन्हा आठवली. ती गप्प राहिली होती. पण नवऱ्याचं तोंड समोर आल्यावर ती गप्पच राहणार होती! विडीच्या बंडलावरचा माणूस समोर आला तरी गप्प, आणि तिचा मालक समोर आला तरी गप्पच. त्या चारांतलं एखादं खरं असेल तर? तिसऱ्याला रुंद कपाळ होतं, भुवया जुळलेल्या होत्या, त्याच्याकडं बघताना मायचा हात पदरावर थांबला होता, थांबला होता ना? आणि आपण म्हणालो, "पुसा." एकतीस वर्षांनी बाप या फळीवर येऊन उभा राहिला असेल, बायकोनं अदबीनं मान खाली घातली असेल, आणि पोरानं टर्पेंटाइनचा बोळा फिरवायला लावला असेल. आणि नाव न घेण्याची ही रीत त्याला माहीत नव्हती असंही नाही. त्याच्याइतकी ती कुणालाच माहीत नव्हती! बाप गेल्यावर माय परभणीला आली, कापसाच्या जिनिंगात कामाला लागली. सूर्यभान आठ वर्षांचा असताना रेशनकार्ड काढायला ती त्याला सोबत घेऊन गेली. कारकुनानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" मायनं त्याला कोपरानं ढोसलं. म्हणजे, तू सांग. त्याला वाटलं, आपलंच नाव विचारायलेत. तो घाबरून ओरडला, "सूर्यभान!" कारकुनानं लिहून घेतलं. पुढं सहा वर्षं घरातली साखर 'पतीचे नाव: सूर्यभान' या कार्डावर आली. माय ते कार्ड छातीशी धरून रांगेत उभी राहायची, आणि नाव चुकलंय म्हणून कुणाला सांगायचीही नाही; कारण सांगायचं म्हणजे बरोबर नाव घ्यावं लागलं असतं.

नावानंच सगळं आयुष्य धरून ठेवलेलं. अठरा वर्षांचा होता तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्या नावापायी माणसं मारली गेली, वस्त्या पेटल्या. तो एका नातेवाइकाच्या माळवदाच्या छतावर पालथा पडून तीन दिवस गावाकडच्या बातम्या ऐकत होता. याच बन्सीधरनं सोळा वर्षं भिंतीभिंतींवर 'नामांतर झालेच पाहिजे' लिहिलं. आणि महिन्यापूर्वी, चौदा जानेवारीला, ते झालं. म्हणजे मागितलं होतं नामांतर, हातात आला नामविस्तार; जुनं नाव तसंच, त्याला बाबासाहेबांचं जोडलेलं. त्या दिवशी माय रडली, सूर्यभाननं गल्लीत पेढे वाटले, आणि पेढे वाटता वाटताच त्याच्यातला कारकून विचारत होता की मागितलेलं आणि मिळालेलं एकच आहे का, काम पूर्ण समजावे का? त्याची त्यालाच शरम वाटली होती. बन्सीधरला कुणी विचारलं, आता भिंतीवरचं काय करणार? तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पुसायची ऑर्डर आलेली न्हाई."

"साहेब," बन्सीधर आता कागद पुढं करत होता, "इथं 'काम पूर्ण' म्हणून सही तेवढी." सूर्यभान उठला. स्टूल त्याच्यासोबत थोडं वर आलं आणि खाली पडलं.

"माय," तो म्हणाला, "तू नाव घेतलंस."

"घेतलं की."

"पण का?"

"आता का म्हनतोस? तूच लिव्हलंस न्हवं कागदावर?" माय म्हणाली. "चार बार मला आनायलास आन् माज्या तोंडाकडं टकामका बघायलास. मला वाटलं ह्याला बायकोनं जेवाय घातलं न्हाई. काल मनकर्णेनं वाचून दाखिवलं. कुसुमबाईनं नाव घेतलं का झालं, आसं. मग म्हनलं, घ्यावं येकदा आन् सगळ्यांला सोडवावं. ह्यो बिचारा बी किती तोंडं काढंल?"

'कोणीही न सुचवता' हे शब्द सूर्यभानच्या डोळ्यांपुढून गेले. सुचवलं होतं ते करारानंच. त्यानं फळीकडं बोट केलं. पाचवं तोंड शांतपणे समोर बघत होतं. फेटा, मिशा, नाकासारखं नाक. "बरं. पण हे तेच हायेत ना?"

मायनं चित्राकडं पाहिलं. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाकडं बघावं, तितकंच. "हे कोन हाय, मला काय ठावं?"

"मग नाव कसं घेतलंस तू?"

"म्हनून तर घेता आलं. ते आसते तर घेतलं आसतं व्हय, येड्या?"

बन्सीधरनं कागद घडी करून खिशात घातला, बाहेर काढला, पुन्हा उलगडला. "म्हणजे मावशी, नाव घेतलं म्हणून हे ते न्हाईत, आन् नाव घेतलं न्हाई तर काम पूर्ण न्हाई," तो हळूहळू म्हणाला. "साहेब, तुमी लय शिकलेले हाव."

सूर्यभानला हसू आलं, आणि हसू येतंय याचीच त्याला भीती वाटली. दार होतं, कडी होती, कोयंडा होता, आणि मागं भिंत. तो मायसमोर उकिडवा बसला; लहानपणी चुलीपुढं बसायचा तसा. "माय, नाव नको घेऊ. काहीच घेऊ नको. फक्त सांग. ते दिसायला कसे होते? मधलं ते तिसरं, कपाळ रुंद होतं, तसे होते का? नुसती मान हलव."

मायनं मान हलवली नाही. ती खाली बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर त्यानं कधी न पाहिलेलं काही होतं. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखं. "बाबा, तू रोज कागद घेऊन बसायलास. नाक कसं, डोळे कसे. मी काय सांगू?" ती म्हणाली. "मी कुटं बघितलंय तेंचं तोंड नीट?"

"म्हणजे?"

"म्हंजे बघितलंच न्हाई. बारा वर्साची आनली मला. येक खोली. सासू हितं, सासरा हितं, थोरला दीर हितं. मान वर केली का सासू खाकरायची. घरात तेलाला पैका न्हाई, दिवा कवा लावायचा? दिस उगवला का ते म्होरं, मी मागं, वावरात. दिस मावळला का ते म्होरं, मी मागं, घरी. नऊ वरसं मागं चालले मी. आजारी पडले तवा सासू जवळ बसली, मी चुलीपाशी. उचललं तवा बी..." ती थांबली. "तवा बी ते म्होरंच व्हते."

बाहेरून एक रिकामा टांगा खडखडत गेला. सूर्यभाननं तो जाईपर्यंत ऐकला. कारण तो गेल्यावर काय ऐकू येईल ते त्याला नको होतं. ज्या दोन डोळ्यांत ते तोंड सुखरूप आहे असं धरून त्यानं इतके महिने काढले, त्या डोळ्यांत ते कधी नव्हतंच. चुलत्याच्या डोळ्यांत होतं, आणि चुलत्याला त्यानं कधी विचारलं नव्हतं. कारण माय आहे ना, असं त्याला वाटत होतं. तोंड गेलं होतं. मागच्या उन्हाळ्यात, चुलत्याबरोबर, त्याच तिरडीवरून. आणि आपण त्या तिरडीला खांदा दिला होता. त्याला सारं दुकान एकदम फार मोठं झाल्यासारखं वाटलं, आणि मायही त्यात एवढीशी, लांब उभी असलेली. नऊ वर्षं संसार केलेल्या, एका पोराची आई झालेल्या या बाईला आपला नवरा दिसायला कसा होता ते ठाऊक नाही, आणि हे तिनं एकतीस वर्षं कुणाला कळू दिलं नाही. ती त्याच्यासाठी रडली होती. कुणासाठी रडली होती? त्याच्या तोंडून शब्द निघाला तो भलताच. "मग तुला काय ठावं आहे त्यांचं?" तो ओरडला.

"पाठ," माय म्हणाली. "पाठ इचार की मला. कवा इचारलीस?"

बन्सीधरनं फळी उचलली, पाचव्या तोंडाला भिंतीकडं फिरवलं आणि कोऱ्या बाजूवर सकाळच्या उरलेल्या पांढऱ्याचा हात मारला. "पाठ सोपी असते," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "बोला मावशी." सूर्यभाननं सवयीनं खिशातलं पेन काढलं, कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं: 'काम पूर्ण म्हणजे'. पुढं पेन चालेना. कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला.

आणि माय बोलायला लागली. नाकासारखं नाक सांगणारी ती बाई आता थांबायलाच तयार नव्हती. डावा खांदा खाली. तेवढा न्हाई, लय पाडलास, तेवढा काय त्यो लुळा व्हता? कुऱ्हाड उजव्या खांद्यावर, म्हनून मान जरा डावीकडं. मानंवर इथं भोवरा, केसाचा. फेटा कसा बी बांधला तरी त्यो दिसायचा. फेट्याचा शेव आखूड, तिसरं पाऊल टाकलं का हलायचा. सदऱ्याला पाठीत ठिगळ, मी लावलेलं, वाकडं हाय, सरळ काढू नगं, वाकडंच व्हतं, सासूनं चार दिस बोलून खाल्लं मला त्याच्यावरून. उजव्या पोटरीवर विळ्याचा वण. टाचा अशा बाहेरच्या अंगानं झिजलेल्या. चालताना कोपर लांब जायचं, जसं कुनाला बाजूला सारायलेत. ती हातानं हवेत दाखवत होती, बन्सीधरच्या मागून कधी या बाजूला, कधी त्या बाजूला होत होती, एकदा तर तिनं त्याच्या हातातला कुंचला धरून इंचभर खाली ओढला. सूर्यभान बघत होता. पाचही तोंडं बघताना त्याला आपलं काही वाटलं नव्हतं. आता त्या झिजलेल्या टाचा उमटल्या आणि त्यानं नकळत स्वतःच्या, त्याच अंगानं झिजलेल्या चपला आत ओढून घेतल्या.

उन्हं शटरखालून आत आली तेव्हा बन्सीधर बाजूला झाला. त्यानं काही विचारलं नाही. फळीवर एक माणूस पाठमोरा चालला होता. वाट काढलेली नव्हती, वावर काढलेलं नव्हतं, तरी तो घाईत होता हे कळत होतं. माय बोलता बोलता मध्येच थांबली. तिचा वर उचललेला हात तसाच खाली आला, पदराकडं गेला, आणि तिनं पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढला. मग ती दोन पावलं मागं सरली. मग आणखी दोन.

"माय," सूर्यभानच्या तोंडून गेलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनं गेलं. "नाव?"

तिनं दचकून त्याच्याकडं पाहिलं, जीभ चावली आणि डोळे वटारले. "हळू," ती पुटपुटली, "ऐकू जाईल." आणि मग मान खाली घालून, फक्त समोरच्या त्या वाकड्या ठिगळाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, ती म्हणाली, "आवो, जरा सावकाश चाला की. लेकरू मागं राह्यलंय."

सूर्यभान उठला आणि भराभरा चार पावलं पुढं गेला.